कॅल्शियम वाढलेलं असताना व्हिटॅमिन डी द्यायचं की नाही?

तुमचा प्रश्न इतरांनाही नीट कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. आईंचं वय ५८, तासगावजवळच्या गावात राहतात. ओट्यावरून उतरताना पाय घसरून बसत्या झाल्या आणि तेवढ्यावर डावं मनगट मोडलं. एक्स-रेमध्ये हाड विरळ दिसलं म्हणून रक्त तपासलं. कॅल्शियम ११.१ (लॅबची वरची मर्यादा १०.५), अल्ब्युमिन ३.६, फॉस्फरस २.३, अल्कलाइन फॉस्फटेज २१० (मर्यादा १२०), पीटीएच म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोन १४८ (मर्यादा ६५), व्हिटॅमिन डी ११, क्रिएटिनिन ०.९. दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता. एका डॉक्टरांनी दर आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी आणि रोज दोन कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसरे म्हणाले, कॅल्शियम आधीच जास्त आहे, डीला हात लावू नका, दूधही बंद करा. आता कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही अर्धं ऐका. डी द्यायचं, पण हळूहळू. कॅल्शियमच्या गोळ्या आत्ता नकोत. दूध चालू राहू द्या. आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते, म्हणजे पुढे निराशा नको: डी भरून काढल्याने हा आजार जाणार नाही. आजार मानेतल्या ग्रंथीत आहे आणि डीची कमतरता त्याच्या जोडीला आली आहे.

थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. नावामुळे लोक थायरॉइडच्या गोळ्यांशी संबंध जोडतात, पण दोघांचा फक्त शेजार आहे. रक्तातलं कॅल्शियम ठरावीक पट्टीत ठेवणं हे या ग्रंथींचं काम. कॅल्शियम जरा उतरलं की त्या पीटीएच सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतं, लघवीवाटे जाणारं कॅल्शियम किडनीला परत घ्यायला लावतं, फॉस्फरस बाहेर टाकतं आणि किडनीमध्ये साध्या डीचं ॲक्टिव्ह रूप तयार करून घेतं. त्या ॲक्टिव्ह डीमुळे आतडं अन्नातलं कॅल्शियम जास्त शोषतं. कॅल्शियम पुरेसं झालं की पीटीएच आपोआप खाली यायला हवं.

आपल्याकडे पीटीएच वाढल्याचा रिपोर्ट आला तर पुष्कळदा कारण साधं असतं, डी कमी असतं. तिथे ग्रंथी शहाण्यासारखी वागत असते. कॅल्शियम पुरत नाही म्हणून ती जोर लावते. अशा माणसाचं कॅल्शियम नॉर्मल किंवा कमी असतं, आणि डी नीट भरलं की काही महिन्यांत पीटीएच खाली येतं. तुमच्या आईंचं तसं नाही. त्यांचं कॅल्शियम वर आहे आणि तरीही पीटीएच वरच आहे. शिवाय अल्ब्युमिन, म्हणजे रक्तात कॅल्शियम धरून ठेवणारं प्रथिन, कमी असल्याने ११.१ हा आकडा खरा त्याहून जास्त धरायचा. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितकं कमी, त्याला ०.८ ने गुणून कॅल्शियममध्ये मिळवायचं. इथे ०.४ गुणिले ०.८ म्हणजे ०.३२, म्हणून धरायचं कॅल्शियम साधारण ११.४. एवढं कॅल्शियम असताना निरोगी ग्रंथीने पीटीएच जवळजवळ बंद केलं असतं. याला प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात. शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी रुग्णांत चारपैकी एकाच ग्रंथीत साधी, कॅन्सर नसलेली गाठ असते. कॅन्सर शंभरात एकालाही नसतो, त्यामुळे ती भीती आत्ताच मनातून काढून टाका.

मग डी ११ वर का आलं? एक कारण सगळ्यांचंच: अंगाला ऊन लागत नाही. दुसरं या आजाराचं: वाढलेलं पीटीएच साठ्यातलं साधं डी भराभर ॲक्टिव्ह रूपात वापरून टाकतं. म्हणूनच '१,२५ डायहायड्रॉक्सी' नावाची महाग तपासणी करू नका. ती अशा रुग्णांत नॉर्मल किंवा जास्त येते आणि 'डी भरपूर आहे' असा उलटा अर्थ निघतो. साठा कळतो तो '२५ हायड्रॉक्सी' या तपासणीतून. तुमचा ११ हा आकडा त्याचाच असणार, तरी रिपोर्टवर नाव बघून घ्या.

डी कमी राहू दिलं तर काय बिघडतं? ग्रंथी आधीच बेलगाम आहे, आणि डीची कमतरता तिला आणखी चेतवते. पीटीएच वाढतं, हाडं जास्त झिजतात. आईंचं अल्कलाइन फॉस्फटेज २१० आहे, म्हणजे हाडांची मोडतोड जोरात चालू आहे. (लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल आहे ना, हे एकदा बघा, कारण हे एन्झाइम तिकडूनही येतं.) दुसरं, कमी डीमुळे कॅल्शियम आहे त्याहून कमी दिसतं आणि आजार सौम्य वाटतो. तिसरं सगळ्यात व्यवहाराचं: ही गाठ काढायचं ऑपरेशन झालं आणि डीचा साठा रिकामा असला, तर नंतर कॅल्शियम धाडकन पडतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत या आजाराच्या ४६ रुग्णांपैकी निम्म्यांना रोज २८०० युनिट डी आणि बाकीच्यांना औषध नसलेली नुसती गोळी दिली होती. डी घेणाऱ्यांचं पीटीएच ऑपरेशनच्या आधीच सुमारे १७ टक्क्यांनी उतरलं, कण्याच्या हाडांची घनता सुधारली आणि रक्तातलं कॅल्शियम वाढलं नाही. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांची भीती समजण्यासारखी असली तरी योग्य डोसला ती लागू होत नाही.

डोसचा हिशेब असा. मी अशा रुग्णांना साधं डी३, म्हणजे कोलेकॅल्सिफेरॉल, रोज १००० ते २००० युनिट देते. जेवणानंतर, कारण ते तेला-तुपाबरोबर चांगलं शोषलं जातं. दर आठवड्याला ६०,००० म्हणजे दिवसाला साडेआठ हजारांहून जास्त होतात. ज्याचं कॅल्शियम नॉर्मल आहे त्याला आठ आठवडे हे चालतं. ११.४ असलेल्याला, तेही दर महिन्याला रक्त तपासायची सोय नसताना, मी देत नाही. गावात रोजची गोळी मिळत नसेल आणि पुडीच हाताशी असेल, तर महिन्याला एक पुडी म्हणजे रोजचे २००० युनिट होतात. कॅलेंडरवर खूण करून ठेवा. "विसरले असेन" म्हणून आठवड्यात दुसरी घेतली जाते, हे फार वेळा होतं. सहा लाख युनिटचं इंजेक्शन अजूनही काही ठिकाणी देतात. ते अजिबात नको. एकदा टोचलं की परत काढता येत नाही, आणि चरबीत साठलेलं डी महिनोन्‌महिने उतरत राहतं.

डी चालू केल्यावर दोन ते चार आठवड्यांनी कॅल्शियम, अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन तपासायचं. तीन महिन्यांनी तेच, आणि त्यासोबत डी व पीटीएच. डी ३० च्या वर आणायचं; ५० च्या पुढे नेण्यात काही फायदा नाही. अल्ब्युमिन धरून सुधारलेलं कॅल्शियम १२ च्या वर गेलं तर डी थांबवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीलाच १२ च्या वर असतं तर मी घरच्या घरी डी सुरूच करायला सांगितलं नसतं.

आता चूक होते ती जागा, औषधाच्या दुकानात. 'कॅल्शियम विथ डी' या नावाखाली आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या गोळ्या विकल्या जातात. एकीत कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम (म्हणजे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम) आणि डी३ २५० युनिट असतं. दुसरीत कॅल्शियमबरोबर कॅल्सिट्रिऑल ०.२५ मायक्रोग्रॅम असतं. कॅल्सिट्रिऑल हे आधीच ॲक्टिव्ह झालेलं डी. ते साठा भरत नाही, थेट आतड्यातून कॅल्शियम ओढतं. अल्फाकॅल्सिडॉलही त्याच जातीचं. तुमच्या आईंना आत्ता ही दोन्ही नकोत. पाकिटाच्या पुढचं नाव बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. 'हाडांसाठी ताकदीची' म्हणून दिलेल्या गोळ्यांत कॅल्सिट्रिऑल लपलेलं असतं आणि नावात त्याचा पत्ता नसतो.

बाकीच्या औषधांचीही पिशवी एकदा उपडी करा. बीपीच्या गोळीच्या नावामागे 'एच' किंवा 'सीटी' असेल तर बहुधा त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन आहे. ही औषधं लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतात. लिथियमनेही कॅल्शियम आणि पीटीएच वाढतं. पण गोळी मनाने बंद करू नका, लिहिणाऱ्या डॉक्टरांकडून बदलून घ्या. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर पीटीएचच्या तपासणीआधी तीन दिवस बंद ठेवा, नाहीतर काही मशीनवर पीटीएच खोटं कमी येतं. प्रवाळ, शंखभस्म, मोती यांतही कॅल्शियम कार्बोनेटच असतं. तेही डॉक्टरांना सांगायचं.

आणि चुना. "गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यात घालून घ्या, हाडं बळकट होतात" हा मेसेज तुमच्यापर्यंत आला नसेल तर येईल. तेवढ्या चुन्यात जेमतेम वीस-पंचवीस मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. एका पेला दुधात त्याच्या दहापट. म्हणजे फायदा नाही. पण चुना जहाल अल्कली आहे, प्रमाण वाढलं तर तोंड-अन्ननलिका भाजते, आणि अल्कलीमुळे किडनी कॅल्शियम बाहेर टाकायला कचरते. दिवसभर पान किंवा तंबाखू-चुना खाणाऱ्यांत तर नुसत्या चुन्यानेही कॅल्शियम चढल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. आईंना मिश्रीची किंवा पानाची सवय असेल तर लाजून लपवू नका.

दूध का बंद करायचं नाही, तर अन्नातलं कॅल्शियम तोडलं की ग्रंथीला आणखी निमित्त मिळतं आणि उणीव हाडांतून भरली जाते. मुतखड्याच्या बाबतीतही हेच. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला, म्हणजे खडा बनवणाऱ्या घटकाला, धरून ठेवतं. ते तोडलं तर ऑक्झलेट जास्त शोषलं जातं. त्यांच्या वयाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम हवं. दोन पेले दूध किंवा तेवढं दही-ताक, एक नाचणीची भाकरी, एखादी पालेभाजी, थोडं तिळाचं कूट, एवढ्यात त्याच्या जवळपास पोहोचता येतं. रोज लिटरभर दूध प्यायचीही गरज नाही.

उन्हाबद्दल एक गैरसमज आपल्याकडे पक्का बसलाय, तो म्हणजे सकाळचं कोवळं ऊन. कोवळ्या उन्हात डी तयार करणारे किरण जवळजवळ नसतातच. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाच ते पुरेसे असतात, म्हणजे साधारण दहा-अकरा ते दोन-तीन. सांगली-साताऱ्यात असं ऊन बाराही महिने मिळतं, पावसाळ्यातल्या ढगांचे दिवस सोडले तर. मग दिवसभर द्राक्षबागेत किंवा उसात राबणाऱ्या बाईचं डी कमी कसं? कारण ती साडीवर पुऱ्या बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल-स्कार्फ, पायांत मोजे घालून काम करते. उघडा राहतो फक्त चेहरा. गाडीच्या किंवा खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही निरुपयोगी. आठवड्यातून तीन-चार दिवस हात कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्याखाली उघडे ठेवून वीस-तीस मिनिटं बसल्या तर चांगलंच. उन्हाने डी जास्त होत नाही, कातडी जादा भाग स्वतःच नष्ट करते. पण ११ वरून ३० वर जायला मी उन्हावर विसंबत नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात कॅल्शियम वाढलेल्या बाईला बसवतही नाही. कारण पाणी.

कॅल्शियम वाढलं की किडनी पाणी धरून ठेवत नाही, लघवी जास्त होते. त्यात उलट्या-जुलाब झाले, कडक उपास घडला, आषाढीला लोणंद-फलटणच्या टप्प्यात वारीबरोबर चालल्या, की शरीर कोरडं पडतं आणि कॅल्शियम एकदम चढतं. दिवसाला अडीच ते तीन लिटर पाणी-ताक पोटात जायला हवं (हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढं). खूप तहान, सारखी लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता, गुंगी, असंबद्ध बोलणं यांतलं काही दोन-तीन दिवसांत वाढत गेलं तर तेवढ्यापुरती गोळी घेऊन थांबू नका. सलाइन लावण्याची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि कॅल्शियम त्याच दिवशी बघा.

तपासण्यांत तुमच्या यादीत तीन गोष्टी राहिल्यात. पहिली, कॅल्शियम, अल्ब्युमिन आणि पीटीएच पुन्हा एकदा, एकाच वेळी काढलेल्या रक्तातून. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला तर कॅल्शियम खोटं जास्त येतं, आणि पीटीएचचं सँपल गार ठेवून वेळेत मशीनवर जायला हवं. म्हणून कलेक्शन सेंटरवर संध्याकाळपर्यंत पडून राहणारं सँपल देण्याऐवजी सकाळी लवकर मोठ्या लॅबमध्येच द्या.

दुसरी, चोवीस तासांची लघवी, कॅल्शियम आणि क्रिएटिनिनसाठी. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये आणि दुसऱ्या दिवशीची त्याच वेळची पहिली लघवीही कॅनमध्येच. एखादी चुकली तर ती लपवून कॅन देऊ नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. बायकांत २५० मिलिग्रॅमच्या वर म्हणजे जास्त. फारच कमी आली तर कौटुंबिक प्रकारचा एक निरुपद्रवी आजार आठवावा लागतो, ज्यात ऑपरेशन करायचंच नसतं. पण डी कमी असतानाही लघवीतलं कॅल्शियम कमी दिसतं, म्हणून हा आकडा डी सुधारल्यावर पुन्हा बघितलेला बरा. लघवीबरोबर पोटाची सोनोग्राफीही करा, नवा खडा आहे का ते कळेल.

तिसरी, डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी. इथे एक मेख आहे. नेहमीच्या डेक्सात कणा आणि खुबा एवढंच मोजतात. पीटीएच सगळ्यात आधी हाडाचं बाहेरचं टणक कवच खातं आणि ते दिसतं हाताच्या हाडात, मनगटाच्या वर एक तृतीयांश अंतरावर. म्हणून "फोअरआर्म वन-थर्ड रेडियस" असं चिठ्ठीवर लिहून घ्या आणि मिरज, कोल्हापूर, पुणे, जिथे जाल तिथे ते होतं का हे आधी फोन करून विचारा. हात न मोडलेला, म्हणजे उजवा वापरायचा. टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत घनता किती ते सांगणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ते ऑपरेशनचं एक स्वतंत्र कारण असतं. सोबत पाठीच्या मणक्यांचा बाजूने एक्स-रे काढा. मणका दबलेला असतो आणि माणूस 'कंबर धरते' एवढंच म्हणत असतो.

खरं तर हे रिपोर्ट येण्याआधीही आईंच्या बाबतीत ऑपरेशनकडे माझा कल आहे. मुतखडा होऊन गेलाय आणि क्षुल्लक पडण्यावर हाड मोडलंय. इतरांत वय ५० च्या आत असणं, कॅल्शियम मर्यादेपेक्षा १ ने जास्त असणं, किंवा किडनीचं काम (रिपोर्टवरचा ईजीएफआर) ६० च्या खाली गेलेलं असणं ही कारणं धरतात. यांतलं एकही नसेल तर वर्षाला कॅल्शियम आणि एक-दोन वर्षांनी डेक्सा बघत थांबता येतं. हाडांची गोळी किंवा वर्षाला एकदा दिलं जाणारं झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन घनता वाढवतं, पण ग्रंथी तशीच राहते. डी ११ असताना ते इंजेक्शन घाईने घेऊही नका, कॅल्शियम फार खाली जाऊ शकतं. सिनाकॅल्सेट ही गोळी उलट कॅल्शियम उतरवते, पण हाडांना फायदा देत नाही.

मानेची सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन हे गाठ कुठे आहे ते शोधायला असतात, आजार आहे की नाही ते ठरवायला नाही. स्कॅनमध्ये काही दिसलं नाही म्हणून "आजार नाही" असं कोणी म्हटलं तर ते चूक आहे. सर्जन निवडताना वर्षाला पॅराथायरॉइडची किती ऑपरेशनं करता, हे सरळ विचारा. ऑपरेशन चालू असताना पीटीएच मोजायची सोय असेल तर उत्तम. गाठ काढल्यावर दहा मिनिटांत ते निम्म्याहून खाली आलं की काम झालं असं समजतात.

ऑपरेशननंतरचे पहिले चार दिवस सांभाळायचे. वर्षानुवर्षं लुटली गेलेली हाडं एकदम कॅल्शियम ओढून घेऊ लागतात, याला 'हंग्री बोन' म्हणतात. अल्कलाइन फॉस्फटेज जास्त आणि डी कमी असलेल्यांत हे जास्त होतं, म्हणजे नेमकं आईंच्यासारख्यांत. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या, हातापायांत पेटके ही लक्षणं. म्हणून आधी दोन-तीन महिने डी भरून घ्यायचं, कॅल्शियम १२ च्या आत असेल तर तेवढं थांबायला हरकत नसते. आणि गंमत अशी, जी कॅल्शियमची गोळी आणि कॅल्सिट्रिऑल आज बंद ठेवायला सांगतेय, तीच तेव्हा लागेल, कधी दिवसाला तीन-चार वेळा. डिस्चार्जच्या वेळी गोळ्या हातात असू द्या. पहिले काही दिवस रक्त कुठे तपासायचं आणि रात्री मुंग्या आल्या तर कोणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून घ्या. मॅग्नेशियमही एकदा बघायला सांगा. ते कमी असेल तर कॅल्शियम कितीही दिलं तरी वर येत नाही.

त्यानंतर गोळ्या हळूहळू कमी होतात. सहा महिन्यांनी कॅल्शियम नॉर्मल असेल तर आजार बरा झाला असं धरतात. त्या वेळी पीटीएच थोडं वर दिसलं आणि कॅल्शियम नॉर्मल असलं, तर आजार परत आला असं समजून घाबरू नका. आधी डी तपासा. बहुतेकदा ते पुन्हा विशीच्या आसपास उतरलेलं असतं, कारण बरं वाटल्यावर रोजची गोळी पहिल्यांदा तीच सुटते.

चोवीस तासांच्या लघवीचा आणि फोअरआर्मच्या डेक्साचा आकडा आला की इथेच लिहा. त्यासोबत लॅबच्या मर्यादाही लिहा, प्रत्येक लॅबच्या वेगळ्या असतात.